शेवटचं कडवं मंडळीचं

खर्ड्याच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून थोडी आत, एक वस्ती आहे. पस्तीस उंबरे, एक हापसा आणि पत्र्याच्या छपराचं एक चर्च. त्या चर्चमध्ये वैजनाथ उमाप यांनी बावीस वर्षं पेटी वाजवली. सगळे त्यांना मास्तर म्हणत, पण ते कुठल्या शाळेचे मास्तर नव्हते. जामखेड रस्त्याला त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी टेम्पोत घालून लोक त्यांच्याकडे आणत. मास्तर वेढे मोजून तांब्याची तार भरत. मग मोटार चालू करून स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिला टेकवत, त्याची मूठ कानाला लावत आणि डोळे मिटत.

"बेअरिंग गेलंय," म्हणत. ते कधी चुकले नाहीत.

रविवारी तेच कान घेऊन ते पेटीपुढे बसत.

आवाज मात्र त्यांना असा होता की ऐकणाऱ्याने उभ्या जागी थांबावं. रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा, गोल, घुमणारा. नाताळात जामखेडहून माणसं मुद्दाम यायची. बाया म्हणायच्या, मास्तरांनी पहिली ओळ उचलली की अंगावर काटा येतो. मास्तरांना याचीच भीती वाटे. देवाच्या घरात लोक देवाऐवजी आपल्याला ऐकायला लागले तर काय, ही भीती.

म्हणून त्यांनी स्वतःला कमी करायचा अभ्यास सुरू केला. आधी पेटी उचलून खांबाआड नेली. तिथून ते कुणाला दिसत नसत. हार घ्यायचं सोडलं. एकदा मेळाव्याच्या फलकावर त्यांचं नाव आलं, तर स्वतः शिडी लावून त्यावर चुना फासला. कुणी कौतुक केलं तर म्हणायचे, "सूर त्याचा. माझा नुसता भाता." आणि एक नियम घातला. शेवटच्या कडव्याला पेटी थांबवायची, आपलं तोंड बंद करायचं. ते कडवं लोकांनी एकट्यांनी म्हणायचं.

"शेवटचं कडवं मंडळीचं," ते सांगत.

त्यांची बायको विजयमाला हे सगळं पाहत आली होती. ती म्हणायची, "तुमचं नम्रपण लई दांडगं हाय बगा. खर्ड्याच्या किल्ल्यावरनं दिसतं."

मास्तर हसायचे. पण हे बोलणं त्यांना लागायचंही.

दर रविवारी उपासना एकाच गीताने संपे. ते गीत छापलेलं कुठेच नाही. फार पूर्वी वस्तीवर धर्मशिक्षण द्यायला आलेल्या एका म्हाताऱ्या गुरुजींनी ते रचलं आणि वहीत लिहून ठेवलं. वही पेटीच्या खोक्यात असते. ती उघडायची गरज कुणालाच पडली नव्हती. मास्तर लहानपणी ऐकून शिकले आणि वस्ती तालमीत मास्तरांचं ऐकून शिकली; तालमीत ते शेवटचं कडवंही म्हणून दाखवत. शेवटचं कडवं असं सुरू होतं:

मी न उरो, तूच उरो, सूर तुझा राहो.

गेल्या दिवाळीनंतर मास्तरांचा आवाज बसला. काढे झाले, वाफारे झाले. शेवटी रोहिणी त्या नवराबायकोला नगरच्या सावेडीतल्या घशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. रोहिणी म्हणजे वस्तीवरच्या बनुबाईची मुलगी. आईबरोबर ऊसतोडीच्या टोळीत वाढली, वसतिगृहात राहून शिकली, नगरला मराठी घेऊन एम. ए. झाली. आता सावेडीत आत्याकडे राहून शिकवण्या घ्यायची आणि शनिवारी एसटीने वस्तीवर यायची. पेटी ती मास्तरांकडेच शिकली होती.

स्वरयंत्रावर गाठ होती. साधी होती, काढली. डॉक्टर म्हणाले, "पंधरा दिवस एक शब्द नाही. दोन महिने गाणं नाही. आणि आवाज पहिल्यासारखा येईल असं मी म्हणत नाही."

मास्तरांकडे दुकानातली पाटी होती, वेढ्यांचे आकडे लिहायची. त्यांनी त्यावर लिहिलं, 'दोन महिने शब्दही नाही.'

"आवो, डाक्टरनं मूठभर सांगितलं की ह्यांनी पोतंभर करायचं," विजयमाला म्हणाली. डॉक्टर हसले.

मास्तरांचा चेहरा मात्र उजळला होता. परत येताना गाडीत त्यांनी पाटी रोहिणीपुढे धरली. 'त्याने भाता काढून घेतला. बरं झालं. आता पेटी तुझी.'

रोहिणीने पाटी वाचून त्यांना परत दिली. मग म्हणाली, "काका, दोन महिने वाजवते. मंडळीने मला घेतलं तर कायमची माझी. नाही घेतलं तर मी सावेडीतच बरी. मागून कुणीतरी धरलंय म्हणून उभी राहिलेली बाई मला व्हायचं नाही."

मास्तरांनी मान डोलावली. वस्तीवर पेटी वाजवणारं दुसरं कुणी नव्हतं. रोहिणी गेली की वस्तीचं गाणं संपलं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना आता एवढंच हवं होतं की तिने राहावं.

पहिल्या रविवारी चर्चमध्ये पंधरा माणसं होती. टोळ्या कारखान्यांवर गेल्या होत्या. उरलेली म्हातारी, आजारी, लेकुरवाळी. मास्तर सगळ्यांच्या मागे, दारापाशी, चपलांजवळ सतरंजीवर बसले. रोहिणीने पेटी खांबाआडून काढून समोर, सगळ्यांना दिसेल अशी घेतली. मास्तरांना ते आवडलं नाही. मग आवडलं नाही याचीच लाज वाटली.

रोहिणीचा आवाज बारीक, स्वच्छ होता. लोक तिच्या मागे सावकाश चालत राहिले. गीत शेवटच्या कडव्याशी आलं. रोहिणीने भाता सोडला, तोंड मिटलं.

आणि चर्चमध्ये मास्तरांचा आवाज उठला.

तो गोल होता. घुमत होता. 'सूर तुझा' वर तो जरा रेंगाळत होता, जसा तालमीत बावीस वर्षं रेंगाळत आला होता. पंधराच्या पंधरा माणसांनी गाता गाता मागे वळून पाहिलं.

मास्तरांचे ओठ मिटलेले होते. त्यांनी दातांवर दात दाबले. जीभ टाळूला लावली. आवाज चालूच होता. कडवं संपलं तेव्हाच तो थांबला.

बनुबाई पहिल्या रांगेत असायची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ती मोठ्याने म्हणाली, "मास्तर, डाक्टरचं ऐका की वं! टाके तुटत्याल."

उपासना सुटल्यावर रोहिणी त्यांच्यापाशी आली. तिचे कान लाल झाले होते. "काका, तुम्ही गायलात."

'नाही,' मास्तरांनी पाटीवर लिहिलं.

"सगळ्यांनी ऐकलं."

त्यांनी 'नाही' च्या खाली रेघ ओढली. खडू मोडला.

दुसऱ्या रविवारी विजयमाला त्यांच्या शेजारी, पुरुषांच्या बाजूला येऊन बसली. एकदोघी हसल्या. शेवटच्या कडव्याला तिने एक हात नवऱ्याच्या तोंडावर आणि दुसरा गळ्यावर ठेवला. "आता बगते," ती पुटपुटली. आवाज उठला. तिच्या हाताखाली गळा हललासुद्धा नाही. पोरांच्या खेळण्यातल्या मोटारीची धडधडसुद्धा हाताला कळते, इथे काही नव्हतं. तिने हात काढले आणि पदरात गुंडाळले. घरी आल्यावर चूल पेटवताना म्हणाली, "माजा हात गार पडला वो." त्यानंतर तिने त्यांच्या नम्रपणावरून एकदाही टोमणा मारला नाही. मास्तरांना त्या टोमण्यांची आठवण यायला लागली.

तिसऱ्या रविवारी ते आत गेलेच नाहीत. हापशापाशी उभे राहिले, चर्चपासून शंभर पावलांवर. ऊन होतं. एक शेळी हापशाखालचं पाणी पीत होती. पत्र्याखालून रोहिणीचा बारीक आवाज येत होता. मग तो थांबला. मग मास्तरांनी स्वतःला ऐकलं.

आपला आवाज आपल्याला बाहेरून कधी ऐकू येत नाही. मास्तरांना पहिल्यांदा आला. तो सुंदर होता. त्यांना तो आवडला, आणि आवडला म्हणून त्यांनी कानांवर हात ठेवले. शेळीने मान वर केली. तिने चर्चकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. गप्प बसलेल्या माणसाचा आवाज चर्चमध्ये गातो. शेजारच्या वाड्यांवरून माणसं यायला लागली. हिंदू शेतकरीही यायचे, दाराशी उभे राहायचे, चपला हातात घेऊन. चर्चचे पाळकसाहेब जामखेडहून पंधरा दिवसांनी मोटारसायकलवर येत. ते म्हणाले, "मास्तर, इतकी वर्षं दिवा झाकून ठेवलात. झाकून राहतो का दिवा?" एका बाईने मास्तरांच्या गळ्याला हात लावला आणि तो हात आपल्या तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावला. मास्तर मागे सरकले. भिंत लागली.

ज्याच्यापासून ते बावीस वर्षं पळत होते ते आता दाराशी चपला काढून उभं होतं.

आणि रोहिणीचं कुणीच ऐकत नव्हतं. लोक पहिली कडवी कशीबशी उरकत. शेवटच्या कडव्याची वाट पाहत. नाताळ झाला, नवीन वर्ष लागलं. सातव्या रविवारनंतर ती म्हणाली, "काका, मी नुसती भाता ओढते. महिनाअखेर पेटी तुम्हाला परत देते."

  

शनिवारी दुपारी ती दुकानात आली. मोबाईल काढून बाकावर ठेवला. "मागच्या रविवारी रेकॉर्ड केलं. तुम्हाला खोटं पाडायला केलं होतं, खरं सांगते. आता तुम्हीच ऐका. मला एकटीला ऐकवत नाही."

मोबाईलमधून पहिली कडवी गेली. मग आवाज आला. दुकानात तो जास्तच मोठा वाटला. मास्तरांनी नेहमीचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक बाकाच्या फळीला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मोटारीचा एकसारखा वाटणारा आवाज कधीच एक नसतो. त्यात पंखा असतो, बेअरिंग असतं, पाणी असतं. त्यांनी पुन्हा लावायला खूण केली. पुन्हा. चौथ्या वेळी त्यांना आवाजाच्या आतले श्वास ऐकू आले.

तो एक माणूस नव्हता. बनुबाई होती, तिची शीळ वाजणारी छाती होती. तिच्या शेजारी बसणाऱ्या रंगुबाईचा खोकला होता. सगळी माणसं मास्तरांसारखी गात होती. जिथे ते रेंगाळत तिथे रेंगाळत होती. जिथे ते श्वास घेत तिथेच, एकदम, श्वास घेत होती. बावीस वर्षं शेवटच्या कडव्याला मास्तर गप्प राहिले, आणि त्या गप्प जागेत लोकांनी मास्तरांनाच भरलं होतं. स्वतःचा आवाज कुणाकडे उरलाच नव्हता.

त्यांनी वेढे मोजतात तसे दम घ्यायच्या एकाच जागेवरचे श्वास मोजायला घेतले. चर्चमध्ये त्या दिवशी वस्तीची पंधरा माणसं गात होती. पाहुणे नुसते ऐकत होते. अठरा झाले. एकोणीस, वीस. सव्वीसला त्यांनी मोजणं सोडलं. स्क्रू-ड्रायव्हर बाकावर ठेवला.

"काय झालं?" रोहिणीने विचारलं.

आकडा त्यांनी पाटीवर लिहिला नाही. पण मोजण्याआधी त्यांना आणखी एक गोष्ट ऐकू आली होती. त्यांनी तिला गीताची वही काढायला लावली. पेटीबरोबर ती रोहिणीकडे आली होती, तिच्या पिशवीतच होती. पान काढून त्यांनी शेवटच्या कडव्यावर बोट ठेवलं. मी न उरो. मग बोट मोबाईलवर ठेवलं.

मोबाईलमधला आवाज गात होता, 'मी... उरो.'

खूप वर्षांपूर्वी साखळी तुटून एक मोटार मास्तरांच्या छातीवर पडली होती. दोन बरगड्या मोडल्या. तेव्हापासून त्यांना लांब ओळ एका दमात जायची नाही. 'मी' नंतर ते दम घेत. त्या दमात 'न' गिळला जात असे. त्यांच्या मनात तो होता, म्हणून त्यांच्या कानाला तो ऐकू येत असे. लोकांच्या मनात तो नव्हता. सगळी वस्ती दर रविवारी, त्यांच्याच आवाजात, देवापुढे म्हणत होती: मी उरो.

मास्तरांनी पाटीवर लिहिलं, 'मी हे शिकवलं.' अक्षरं वाकडी आली.

रोहिणी हळू बोलली. "मलाही पेटी हातात येईपर्यंत तसंच माहीत होतं. वही तुम्ही मला दिलीत तेव्हा 'न' दिसला. मी मनात तो म्हणते, पण मंडळी नाही म्हणत." तिने वही मिटली. "लहानपणी, उसाच्या फडावर, खोपीत झोपताना मी हेच म्हणायचे. मी उरो. एक वर्षी शेजारच्या खोपीतली मुलगी ट्रॉलीखाली गेली. त्या वर्षी रोज म्हटलं. मला वाटायचं, गीत त्याच्यासाठीच आहे."

 बाहेर टेम्पो थांबला, कुणीतरी हाक मारली, "मास्तर, मोटार झाली का?" ते उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते चर्चमध्ये पाटी घेऊन आले. दोन्ही बाजूंनी लिहिलेली. रोहिणीने उभं राहून वाचली. 'मी बावीस वर्षं चुकीचं शिकवलं. शब्द मी न उरो असा आहे. न मी गिळला. लोकांनी मला माफ करावं.'

 मग बनुबाई म्हणाली, "चुकलं कसं? मालक गेलं त्या साली मी दुसरं काय मागत हुते? पदरात पोर, कोयता हातात. मी उरो म्हनलं, म्हनून उरले. आता म्हनतायसा, नको हुतं मागाय?"

"तसं न्हाई गं," कुणीतरी म्हणालं.

"तसंच हाय. मास्तरास्नी नसंल उरायचं. त्येंला खायाला हाय. आमाला उरायचंय."

दोघी-तिघी हसल्या. मास्तरांनी मान खाली घातली. आपण कमी व्हायचा अभ्यास करत बसलो, आणि मागे बसलेली माणसं फक्त जगायचं मागत होती. हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्यांचे कान बेअरिंगमध्ये चुकत नसत.

रोहिणीने पाटी उलटी केली. तिने आधी मनात वाचलं, मग मोठ्याने. 'रोहिणीने शेवटच्या कडव्याला थांबू नये. तो नियम माझ्या मिरवण्याचा होता. मोडावा.'

 मग तिने पाटी खाली ठेवली आणि पेटी पुढे ओढली. "ज्याला 'न' म्हणायचाय त्याने म्हणा," ती म्हणाली. "ज्याला उरायचंय त्याने उरा. मी थांबणार नाही. माझ्या मागे या."

तिचा आवाज त्या दिवशी बारीक नव्हता. शेवटचं कडवं आलं, तिने भाता सोडला नाही. 'मी न उरो' ती म्हणाली. बाया 'मी उरो' म्हणाल्या. ओळ कुठेकुठे फाटली, पुन्हा जुळली.

डॉक्टरांनी दिलेले दोन महिने त्या दिवशी पुरे होत होते. दारापाशी, चपलांजवळ, मास्तरांनी तोंड उघडलं. रोहिणीचे ओठ पाहत, तिच्या मागे, एकेक शब्द. 'मी' वर छाती अडायला लागली. त्यांनी ती अडू दिली नाही. 'न' आला. पण जो आवाज आला तो त्यांच्या ओळखीचा नव्हता. पातळ, चिरलेला, सुराच्या वरखाली घसरणारा. कुणी परका आपल्या गळ्यात बसून बोलतोय असं त्यांना वाटलं. कुणीही मागे वळून पाहिलं नाही.

आणि तो गोल आवाज होताच. पुढे होता, खांबाच्या बाजूला. रोहिणीच्या आवाजाखाली दबलेला, पण होता. मास्तरांनी खांबाकडे पाहिलं. खांबाआड कुणी नव्हतं. पेटी तिथे नव्हतीच. फरशीवर तिच्या चार पायांच्या खुणा होत्या. आपण इथे गातोय आणि तिथेही गातोय, हे त्यांना एकाच वेळी ऐकू येत होतं. त्यांनी श्वास घेतला. खांबाआडूनही श्वास घेतल्याचं ऐकू आलं, पण जरा उशिरा.

गीत संपलं. आमेन झालं. बनुबाईने मान तिरकी करून कान मागच्या बाजूला लावला.

"रोहिणे," ती म्हणाली, "मास्तर तर हितं म्होरं बसल्यात. मग मागं चपलांपाशी कोन गातंय गं? लई बेसूर. त्याला म्हनावं, दमानं घे, माज्या मागं मागं म्हन."

 विजयमालाने पदर तोंडाला लावला. रोहिणीने खांबाकडे पाहिलं, मग दाराकडे. मास्तर ताठ बसले होते, हात मांडीवर, पहिल्या दिवशी शाळेत बसवलेल्या पोरासारखे.

"नवीन आहेत, आई," रोहिणी म्हणाली. तिने भात्याचा खटका लावला. "पुढच्या रविवारी जरा लवकर बोलावते त्यांना. शिकतील."